कपाटाखालचं पिवळं

मंगळवारी रोल वर नेला, तीन जिने,
खांदा सोलवटला, आणि म्हटलं: आज नाही.
रात्रभर उभा राहू दे याच खोलीत,
इथली हवा अंगाला लागू दे.
"म्हणजे पाहुण्यासारखं," बेरेन्स म्हणाले.
पाहुण्यासारखंच. घाईनं बसवला तर आखडतो,
सांधे उघडतात, आणि नाव माझं जातं.

डेल्मेनहोर्स्टची आहे मी. लहानपणी
कारखान्याकडून वारा सुटला की
दोरीवरच्या चादरींना जवसाचा वास यायचा,
आणि आई शेजारणीला म्हणायची,
आज तेल चांगलं मुरलंय.

दुकानात बेरेन्सना दाखवलं होतं प्लास्टिक,
वर ओकच्या लाकडाचं छायाचित्र.
पण या माणसानं तीस वर्षं जहाजावर
खरखरीतून टिंब-रेघा वेचलेल्या.
सातव्या फळीवर पहिलीचीच गाठ पुन्हा आली
तसे ते उठले. "हे लाकूड
एकच वाक्य बोलतंय."

मी लिनोलियमचा तुकडा सुरीनं चिरून पुढे केला.
जवसाचं तेल, बुचाची पूड, लाकडाचा भुसा,
राळ, चुनखडी, पाठीला ताग.
रंग कातडीपुरता नाही, तळापर्यंत आहे.
झिजेल, पण खालून दुसरंच कोणी निघणार नाही.
त्यांनी हुंगला. राखाडी निवडला,
ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाचा.

बुधवारी जुनं उचलायचं म्हणून
आल्मुटचं कपाट सरकवलं.
खाली पिवळा चौकोन,
कढवलेल्या लोण्यासारखा,
कडा पट्टी लावून आखल्यागत.
एक्याऐंशीपासून तिनं ते हलवू दिलं नव्हतं.
बेरेन्सचा हात डोक्याकडे गेला,
टोपी काढायला. टोपी नव्हतीच.

"डाग?"
डाग नाही. अंधारात तेल पिवळं पडतं.
उजेडात ठेवा, काही आठवड्यांत जाईल.
"जाईल?"
मी आनंदाची बातमी सांगावी तशी सांगून बसले होते.

वीतभर तुकडा कापून दिला.
त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवला,
आणि खण बंद करताना जरा जास्तच जपून केला.

जाताना नेहमीचं सांगितलं:
पाणी ओतायचं नाही, फडकं घट्ट पिळून.
सोडा, अमोनिया जवळ आणू नका, तेलाला खातात.
वाफेचं यंत्र कोणी भेट दिलं तर त्यालाच परत द्या.
खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या टिकल्या.
दाराशी पायपुसणं, कारण वाळू
मनात राग धरल्यासारखी ओरखडते.

चौथ्या दिवशी फोन: "नवंसुद्धा पिवळट दिसतंय."
पडदे कसे आहेत?
थोडा वेळ काहीच नाही.
"बंद."
उघडा, म्हटलं.
मग मला कड्यांचा आवाज ऐकू आला,
गंजलेल्या दांडीवरून एकेक करत सरकणाऱ्या.

पुढच्या आठवड्यात विचारलं, पिळून म्हणजे किती पिळून.
त्याच्या पुढच्यात, साबण कुठला.
हे सगळं मी कागदावर लिहून दिलं होतं.
त्यांना वाचताही येतं. तरी मी सांगितलं.

मार्चमध्ये त्या बाजूला काम होतं, म्हणून गेले.
जमीन अगदी ओहोटीची झाली होती.
खिडकीच्या फळीवर तो वीतभर तुकडा,
त्याच्यावर अर्ध्यात उपडी बशी.
बाहेरचा भाग फिकट, जवळजवळ गेलेला.
बशी उचलून दाखवली त्यांनी,
मी नीट पाहायच्या आत परत ठेवली.
"फार वेळ उघडी ठेवत नाही," म्हणाले.

मग टेबलाखाली टाचेची काळी रेघ दाखवली.
मी गुडघ्यांवर बसले,
पांढऱ्या नमद्यानं हलकेच घासली.
ते वर उभे राहून विचारत होते,
कॉफीत दूध घालू का.